दुसऱ्या आठवड्यातला घोळणा

मावळात नाकातून रक्त आल्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. वैशाखात पोरांचा घोळणा फुटतो, आजी कांदा हुंगायला देते, रक्त थांबतं आणि श्रेय कांद्याला जातं. खरं तर दहा मिनिटं नाकपुड्या चिमटीत धरल्या तरी भागतं. कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून अशा नाकांची मला धास्ती नाही. धास्ती वाटते ती पुण्या-मुंबईहून नाकावाटे पिट्युटरीची गाठ काढून आलेल्यांची.

१९०७ साली इन्सब्रुकला श्लोफर यांनी या वाटेनं पहिली गाठ काढली, तेव्हा आख्खं नाक बाजूला उलटावं लागलं होतं. आता दुर्बीण नाकपुडीतून आत जाते, बाहेर टाकाही दिसत नाही, म्हणून घरच्यांना ऑपरेशन किरकोळ वाटतं. आत मात्र स्फिनॉइड सायनसची पुढची भिंत काढलेली असते आणि तिच्या खालच्या काठावरूनच स्फिनोपॅलाटाइन धमनीची एक फांदी नाकाच्या पडद्याकडे जाते. ऑपरेशनच्या वेळी ती आक्रसलेली किंवा जाळून बंद केलेली असते. फार जणांना त्रास होत नाही. पण एखाद्याची खपली सुटते आणि पेशंट बरा होऊन घरात हिंडू लागलेला असताना, बहुधा दुसऱ्या आठवड्यात, ती फांदी वाहू लागते.

इथं चिमटी पोचत नाही. रक्त मागं घशात उतरतं, माणूस ते गिळत राहतो आणि मग एकदम रक्ताची उलटी होते. म्हणून मान मागं टाकू न देता पुढं झुकवून थुंकायला लावायचं.

अशा वेळी हात शिवशिवतात. फोलीची नळी घालून फुगा फुगवायचा, ही आमची जुनी सवय. पण आत छताचं हाडच काढलेलं असेल तर आंधळेपणानं वर सरकलेली नळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड मागतो. गाठ कसली होती? ॲक्रोमेगालीची असेल तर रक्तदाब चढा असू शकतो. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या चालू होत्या का? उलट्यांत त्या पडून गेल्या असतील तर निव्वळ रक्तस्रावानं नव्हे, स्टेरॉइडच्या तुटवड्यानंही माणूस कोसळतो. त्याला इंजेक्शन द्यावं लागतं. मग सक्शन, ॲड्रेनलिनची पट्टी, दुर्बिणीतून नेमकी जागा शोधून ती जाळणं. रक्ताचा लोंढाच असेल तर मात्र शोधत बसायचं नाही. कॅरोटिड धमनीला इजा असू शकते; नाक तळालगत भरायचं आणि अँजिओग्राफीची सोय असेल तिथं धाडायचं.

‘वाकू नका’ हे कार्डावर लिहिलेलं असतं. पण आषाढात ते मावळात कोण पाळणार? इंद्रायणी भाताची आवणी वाकल्याशिवाय होत नाही. “मावशी, यंदा चिखलात उतरायचं नाही,” म्हटलं, तर उत्तर आलं, “मग रोपं तुम्ही लावता का डॉक्टर?” मला वाटतं, घरी सोडताना आवणीचं नाव घेऊनच सांगायला हवं. नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या, शौचाला कुंथू नका, हेही.

त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. रक्त सुरू झालं, किंवा पाण्यासारखं खारट काही गळू लागलं, तर जिथं ऑपरेशन झालं तिथं कळवा. रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. आणि समोर जो डॉक्टर असेल त्याला पहिल्याच वाक्यात सांगा, की नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन झालं आहे.