वैशाखातली फिरस्ती

वैशाखात परभणीची माणसं जमेल तसं महाबळेश्वर गाठतात, नाहीतर मुलाकडे पुण्याला जातात. आम्ही दोघं परभणी जिल्ह्यातच गाडीतून हिंडणार, रात्री गाडीतच झोपणार आणि बरोबर दोन्ही कुत्री नेणार, हे कळल्यावर गल्लीनं आधी थट्टा केली. नंतर सगळे काळजीनं टोप्या, कांदे आणि सल्ले देऊ लागले.

मुळात कल्पना कॅनडातली. नवऱ्याचा मावसभाऊ कॅल्गरीला असतो. तो आणि वहिनी उन्हाळा आला की चाकांवरचं घर काढतात, कुत्र्यांना आत घालतात आणि सस्कॅचवानच्या सपाट मुलखातून हिंडत राहतात. त्यांचे फोटो येतात: गव्हाची हिरवी रानं, आकाशात घुसलेला सरळ रस्ता, मधेच धान्याच्या कोठाराचा लाकडी मनोरा. नवरा एकदा फोटो बघून म्हणाला, "हे तर आपलं पाथरी-मानवत. तिकडं पाऊस वेळेवर पडतो, एवढाच फरक." तेही काही खरं नाही. १९३०च्या दशकात त्या मुलखात अशी धूळ उडाली होती की माणसं घरंदारं टाकून निघून गेली. पण सपाट मुलूख हा सपाट मुलखाचा सोयरा, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. त्या धोरणातली गाडी आमच्या दाराशी यायची शक्यता नव्हती, दाराशी होती ती जुनी ओम्नी. मागची सीट काढून तिथं फळी ठोकली, फळीवर गादी टाकली, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. माठ कडब्यात रोवून ठेवला. त्यावर माझी सगळी भिस्त होती.

कुत्र्यांपैकी हरणी कारवानी, लातूर जिल्ह्यातल्या जानवळची. ही जात व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर दख्खनेत आली म्हणतात. लांब पाय, खोल छाती, बसली तरी आता पळेल अशी बसते. मोत्या गावठी. कृषी विद्यापीठात नोकरी केलेले एक काका विचारतात, परभणी मोती ज्वारीवरून नाव ठेवलं का? आम्ही हो म्हणतो, त्यांना बरं वाटतं.

प्रवासाचा आराखडा नवऱ्यानं कागदावर केला होता. दुसऱ्या दिवसापासून तो मोत्यानं केला. नऊ वाजले की त्याची जीभ गुडघ्याशी यायची आणि पहिल्या दाट सावलीला तो गाडीच्या दारावर पंजा मारायचा. मग संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही तिथले. असं हिंडताना जिल्हा वेगळाच दिसू लागतो. तालुके, फाटे, किलोमीटर मागं पडतात. कुठल्या गावाच्या शिवेवर मोठा निंब आहे, कुठली बाभूळ नुसती नावाची, कुठं हापशाला अजून पाणी येतं, एवढंच डोक्यात राहतं. मी जन्मभर याच जिल्ह्यात राहिले. पण कुठल्या झाडाची सावली दुपारी दोनला कुठं सरकते, याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं.

आणि सावलीत बसून समोर बघायचं ते रान. आम्हाला शाळेपासून शिकवलं की उन्हाळ्यातलं रान म्हणजे भकास. पंचनाम्यांचे फोटो याच महिन्यात निघतात, त्यामुळे डोळ्यांनाही तीच सवय. पण नांगरट झालेलं काळं रान सकाळी सहाला बघावं. ढेकळांच्या कडा निळसर चमकतात, दोन तासांत करड्या होतात, आणि दुपारी त्या रानावर हवा थरथरत उभी राहते. बांधावरची न नांगरलेली पट्टी भेगाळलेली असते. एका भेगेत मी निंबोळी टाकली. तिचा आवाज आलाच नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. वरचा चुरा भेगांतून खाली जातो, पाऊस आला की भेगा मिटतात. माणसानं हात लावायच्या आधी जमीन आपली आपण उलथीपालथी होत असते. भेगांचे फोटो छापणाऱ्यांनी हे कधी लिहिलेलं मला आठवत नाही.

सेलू तालुक्यातल्या वालूरला थांबलो ते बारवेसाठी. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, एखाद्या शंखात शिरल्यासारख्या. गाळाखाली गेलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली. वर दगडाला हात लावला की चटका बसत होता. चारपाच पायऱ्या उतरले तशी पावलांना सुटका वाटली, अजून उतरले तर दंडावरचा घाम गार झाला. कुत्र्यांना वरच बांधलं होतं. हरणी निमूट बसली, मोत्यानं आरडून गाव गोळा केलं. एका पोरानं त्याच्यापुढं टोपल्यात पाणी आणून ठेवलं आणि ते गळून जाईपर्यंत दोघंही बघत राहिले.

तिथून चारठाण्याला गेलो. जुन्या देवळाच्या गाभाऱ्याबाहेर, दगडी फरशीवर नवरा दुपारभर झोपला. मूर्तींबद्दल मी लिहू शकते, पण खरं सांगायचं तर आम्ही त्या फरशीसाठी थांबलो होतो.

पाथरीकडं येताना जायकवाडीचा कॅनॉल लागला आणि नशिबानं पाण्याची पाळी सुटलेली होती. पैठणहून निघालेला हा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. त्यातलं पाणी आपल्यापर्यंत पोचतं का, यावर आमच्याकडं गावोगाव भांडणं आहेत, आणि ती रास्त आहेत. मोत्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो थेट पाण्यात.

मुदगलच्या अलीकडं एका निंबाखाली जागा घेतलेली निघाली. धनगराचा वाडा उतरला होता. म्हातारा, म्हातारी, सून, एक घोडं, खांडभर मेंढरं आणि तीन कुत्री. त्यातल्या एकाच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा होता. लांडगा नरडं धरतो म्हणून. हरणी आणि तो एकमेकांभोवती ताठ फिरले, आमचा जीव टांगणीला. मग दोघंही एकाच सावलीत लांब जाऊन पडले.

"या की, निंब काय आमच्या बापाचा हाय?" मावशी म्हणाल्या.

शेतकऱ्यानं मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रात्री वाघर लावून मेंढरं रानात कोंडायची, रानाला खत मिळतं, त्याबद्दल ज्वारी नाहीतर पैसे. दोनतीन रात्री झाल्या की पुढचं रान. मिरग निघाला की हे काळं रान सोडायचं. इथं चिखल झाला की मेंढराचे खूर सडतात, मग जिंतूरच्या डोंगराकडं मुरमाड जागा बघायची. मामा हे सांगत असताना सून घोंगडीच्या कडेशी कोकराला धरून बसली होती आणि त्याच्या खुरातला काटा बाभळीच्याच काट्यानं उकरत होती. कोकरू ओरडलं नाही.

मावशींनी ओम्नीत डोकावून पाहिलं. पडदे, फळी, डबे, पंखा, बॅटरी, दोन बादल्या.

"घर कुठं म्हणालाव?"

"परभणीला."

"मंग हे कामून?"

नवऱ्यानं कॅनडाचं सांगितलं. मावशींनी ऐकून घेतलं, घोड्याकडं बोट केलं. त्या एका पाठीवर त्यांचं पाल, भांडी, दाणे, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि झोळीत ताजं जन्मलेलं कोकरू, एवढं सगळं रोज चढतं आणि उतरतं. "गादी काढा," त्या म्हणाल्या. "गादी उन्हाळ्यात आग धरती. बाज घ्या. खालून वारं लागतंय."

गंगाखेडला पोचल्यावर गादी नणंदेकडे ठेवली आणि तिच्या अंगणातली सुंभाची बाज उचलली. नवऱ्यानं ती टपावर दोरीनं आवळून बांधली, तीन गाठी मारल्या, वर मला विचारलं, हलते का बघ. मी म्हटलं, नाही हलत. पालमच्या रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यापर्यंत ती खरंच हलली नाही.