येडिंगला जायचे आहे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा मी शेंगेन व्हिसाच्या अर्जाचे तिसरे पान भरत होते. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या आठवणी लिहाव्यात, अशी सूचना पत्रात होती. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु सध्या माझ्या टेबलावर, डोक्यात आणि उशाशी एकच विषय आहे. संपादकांची क्षमा मागून तोच लिहिते. वसतिगृह त्यात आपोआप येईलच.

येत्या जूनमध्ये आईला घेऊन डेन्मार्कला जाण्याचे मी योजिले आहे. आईचे वय शहात्तर. कोडोलीहून तिचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतचा, तोही ट्रकमधून. मी नुकतीच कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाले. तीस वर्षे भूगोल शिकवला आणि एकदाही देशाबाहेर पाऊल ठेवले नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांपासून मी लपवून ठेवली होती.

नातेवाइकांना आमचा बेत पटलेला नाही. युरोपला जायचे तर स्वित्झर्लंडला जावे. उत्तरेकडेच जायचे तर नॉर्वेत जाऊन फियोर्ड पाहावेत, मध्यरात्रीचा सूर्य पाहावा, असे भाच्याने मोबाइलवर चित्रे दाखवून सांगितले. ट्रोम्सो या गावी मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, हे मीही वर्गात फळ्यावर आकृती काढून कितीदा शिकवले आहे. आईने ते ऐकले आणि विचारले, “दिस मावळत न्हाई, मग धारा कवा काढत्यात?” त्या प्रश्नाने आमच्या सहलीची दिशा ठरली.

आई म्हशीवाली आहे. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची आणि भाऊ पाठीवरचा. शेत नव्हते. दुसऱ्याच्या बांधावरचे गवत कापून आणायचे, म्हैस राखायची, सकाळ-संध्याकाळ दूध घालायचे. एवढ्यावर आम्ही दोघे वाढलो. पाचवीत तिने मला आपल्या निवासी शाळेत आणून सोडले. पालकभेटीच्या रविवारी बाकीच्यांच्या आया लाडू आणत. माझी आई म्हैस व्याली की कासंडीभर खरवस आणी. आमच्या खोलीतल्या सगळ्या मुलींच्या वाट्याला एकेक चमचा येई, आणि तो चमचा चाटण्याचा विधी अर्धा तास चाले. त्या खोलीतल्या कोणी हे वाचत असतील, तर त्यांना ती चव अजून आठवत असेल.

सातवीच्या वर्गात भिंतीवर युरोपचा नकाशा होता, कोपरे वाळवीने खाल्लेला. आमचे भूगोलाचे सर छडीच्या टोकाने एकेक देश दाखवीत आणि देशागणिक एक वस्तू पाठ करून घेत. डेन्मार्क म्हणजे दूध-लोणी. बस्स. मी त्या रविवारी आईला सांगितले, की जगात एक देश आहे, तिथे सगळे दूधच घालतात. ती म्हणाली, “मग प्येतं कोण?”

हा प्रश्न अर्थशास्त्राचाच होता, हे मला फार उशिरा कळले. १८७० नंतर अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागले आणि डेन्मार्कच्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. त्याने धान्य सोडून गाई धरल्या आणि लोणी इंग्लंडला विकू लागला. इंग्रज पीत होता, म्हणजे खात होता. परंतु चांगले लोणी तोवर मोठ्या वाड्यांवरच निघे. दोन-तीन गाईंच्या धन्याचे लोणी हलके समजले जाई. १८७८ च्या सुमारास दुधातून साय वेगळी करणारे फिरते यंत्र निघाले आणि अनेक घरांचे दूध एकत्र करून एकाच प्रतीचे लोणी काढता येऊ लागले. यंत्र एकट्याला परवडणारे नव्हते. म्हणून पश्चिम जटलंडमध्ये, ओल्गोड या गावाजवळच्या वस्तीतील शेतकऱ्यांनी १८८२ मध्ये मिळून दूधसंस्था काढली. घरी लागेल तेवढे ठेवून उरलेले सगळे दूध संस्थेला घालायचे, साय काढलेले दूध परत न्यायचे, आणि नफा दुधाच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. डेन्मार्कमधली ही पहिली सहकारी दूधसंस्था. दहा वर्षांच्या आत अशा शेकडो संस्था उभ्या राहिल्या. त्या वस्तीचे नाव येडिंग.

नाव ऐकून आई पदर तोंडाला लावून हसली. “येड्यांचं गाव हाय व्हय? मग जाऊ या.”

वारणाकाठच्या वाचकांना सहकार समजावून सांगण्याचे कारण नाही. शेजारच्या वारणानगरात तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर काय उभे केले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ पासून आहे. आमची चूल त्या दुधावरच पेटली. तरीही येडिंगला जाण्यामागे माझा हेतू वेगळा आहे, आणि तो आईला मी अजून नीट सांगितलेला नाही.

आईच्या माहेरचे गाव मी इथे लिहीत नाही. आजोबांनी हप्त्यावर म्हैस घेतली, तेव्हा आई दहा-बारा वर्षांची होती. गावातला दूध गोळा करणारा मनुष्य आमच्या वस्तीतले दूध घेत नसे. दूध चांगले नाही, असे तो कधीच म्हणाला नाही. तो फक्त भांडे पुढे करीत नसे. आई कासंडी घेऊन तासभर उभी राही आणि परत येई. घरी त्या दुधाचे काय करायचे, हा प्रश्न असे. म्हैस सहा महिन्यांत विकली गेली. ही गोष्ट आईने मला एकदाच सांगितली, मी बारावी झाल्यावर, आणि सांगताना ती शेण्या थापत होती. पुढे कोडोलीत पहिल्यांदा तिच्या नावाचे दूध-पुस्तक मिळाले, त्यात फॅट आणि रुपयांचा आकडा लिहिला गेला, ते पुस्तक आजही पेटीत आहे. तिला अक्षर वाचता येत नाही. आपले नाव मात्र ती त्यावर बोटाने दाखवते.

डेन्मार्कच्या त्या संस्थांविषयी वाचताना मला एक नियम सापडला. सभासदाच्या गोठ्यात दोन गाई असोत की दोनशे, मत एकच. मते माणसांची मोजायची, गुरांची नव्हे, अशा अर्थाची म्हणच त्या भाषेत आहे. तो नियम वाचल्यापासून मला आईला त्या दारात उभे केलेले पाहायचे आहे. हा हट्ट निव्वळ माझा आहे. ते लोक काही आमच्यासाठी भांडे पुढे करून बसले नव्हते, हे मला कळते.

दुसरे गाव रोडिंग. तिथे १८४४ मध्ये ग्रुंटविग यांच्या विचारातून शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी पहिले लोकविद्यालय निघाले. विद्यार्थी तिथेच राहत, एकत्र जेवत, गाणी म्हणत, इतिहास ऐकत, आणि परीक्षा मुळीच नसे. हिवाळ्यात शेत गोठलेले असे, म्हणून मुलगे तेव्हा येत. मुलींचे वर्ग पुढे उन्हाळ्यात भरू लागले. १८६४ च्या युद्धात तो मुलूख प्रशियाकडे गेला, तेव्हा विद्यालयातली माणसे सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्हला आली आणि तिथे नव्याने वर्ग सुरू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना राहण्याची सोय म्हणजेच अर्धे शिक्षण, हे निराळे सांगावे लागत नाही. परीक्षा नसलेली शाळा मात्र मला एकदा आतून पाहायची आहे. आपल्या रेक्टरबाईंना ती आवडली नसती.

कागदपत्रांची हकीकत लिहू लागले तर स्मरणिका पुरणार नाही. आईच्या जन्माचा दाखला नाही. आधारकार्डावर १ जानेवारी आहे, जशी तिच्या सगळ्या मैत्रिणींची आहे. पासपोर्टचा पोलीस चौकशीला आला, तेव्हा गल्ली गोळा झाली आणि दोन बायका आईच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होऊन आल्या. व्हिसासाठी तीस हजार युरोचा प्रवासी विमा, बँकेचे उतारे, राहण्याची ठिकाणे, परतीचे तिकीट, माणशी नव्वद युरो फी. तिथे चलन युरो नव्हे, क्रोन. एका क्रोनला बरेच रुपये पडतात. कोपनहेगनला कॉफी प्यायची नाही, हे मी आताच ठरवले आहे.

अर्जात व्यवसायाचा रकाना होता. मदतनीस मुलाने न विचारता ‘गृहिणी’ लिहिले. मी वाचून दाखवले. आई म्हणाली, “दूध घालती म्हणून लिव्ह की गा. खोटं कशाला?” मुलाने खोडून ‘दूध उत्पादक शेतकरी’ लिहिले. परत मायदेशी येण्याचे सबळ कारण काय, असेही अर्जासोबतच्या पत्रात मांडावे लागते. मी माझे निवृत्तिवेतन आणि घर लिहिले. आईचे कारण तिनेच सांगितले: म्हैस दिवाळीला व्यायची आहे. तेही मी पत्रात लिहिले आहे.

खरी धास्ती बोटांची आहे. व्हिसा केंद्रात दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. आईच्या बोटांवर रेषा उरलेल्याच नाहीत. साठ वर्षांच्या धारा, खुरपे आणि राख यांनी त्या पुसून नेल्या. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा चारदा उमटत नाही, मग मागचे लोक कुरकुरतात आणि ती ओशाळून बाजूला होते. ठसे देणे शारीरिकदृष्ट्या अशक्य असेल तर सवलत आहे, असे नियमांत आहे. मी ते छापून पिशवीत ठेवले आहे. तरी काचेवर तिने बोट ठेवले आणि समोरच्याने मान हलवली, तर तिच्या चेहऱ्यावर काय येईल, याचा विचार मी रात्री करते. भांडे पुढे न करणारा मनुष्य मी पाहिलेला नाही. पण तो चेहरा मला पाठ आहे.

भेटीची तारीख पुढच्या सोमवारी आहे. आठ दिवसांपासून मी आईला राखेने भांडी घासू देत नाही. रात्री तिच्या बोटांना खोबरेल लावते. ती हात पुढे करून बसते आणि प्रवासाची उजळणी करून घेते. कोपनहेगनहून गाडी, समुद्रावरचा पूल, एस्ब्येर्ग, तिथे गाडी बदलायची, ओल्गोड, मग येडिंग. जुन्या दूधसंस्थेत आता संग्रहालय आहे. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, हेही तिला सांगून झाले आहे.

काल तिने भावजयीला बोलावून म्हशीची सगळी व्यवस्था लावली: पेंड किती, कडबा कुठला, डाव्या सडाला हात हलका ठेवायचा. मग माझ्याकडे वळून विचारले, “तितं दुधाचं भांडं ठेवलंय म्हंतीस, त्येला हात लावू देत्यात का गं?”

मी संग्रहालयाला पत्र लिहिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.