जो शब्द बायबलमध्ये नाही

महाविद्यालयात असताना एका ख्रिस्ती मित्राशी मी वाद घातला होता. त्याच्या चर्चमध्ये उभे राहून म्हटले जाणारे नायसियाचे ‘क्रीड’, म्हणजे श्रद्धासूत्र, मी नुकतेच वाचले होते. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असे त्यात म्हटले आहे. मी विचारले, “हा शब्द बायबलमध्ये कोठे आहे?” तो गप्प झाला. मूळ ग्रंथ खरा आणि बाकी सारी नंतरची भर, असा माझा तेव्हा ठाम समज होता. इतिहासाची गोडी नुकती लागलेल्या बहुतेकांचा तो असतो.

माझा प्रश्न सोळाशे वर्षे जुना होता आणि मुळात तो कोणाच्या तोंडी होता, हे मला फार उशिरा कळले.

इ.स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाईनने नायसिया (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) येथे बिशपांची परिषद बोलावली. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस सांगत होता की, पुत्र हा देवाने निर्माण केलेला आहे. मित्रहो, तो काही ग्रंथाला सोडून बोलत नव्हता. येशू पित्याला आपल्यापेक्षा थोर म्हणतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन त्याच्या पक्षाचे आवडते होते.

तेव्हा डीकन असलेल्या अथनेशियसने परिषदेची हकिगत नंतर लिहून ठेवली. (तो एका बाजूचा साक्षीदार, हे विसरू नये.) त्याच्या म्हणण्यानुसार बिशपांनी आधी बायबलमधलेच शब्द वापरून पाहिले. पुत्र ‘देवापासून’ आहे असे म्हणावे, तर विरोधक खुशीने तयार. कारण सारेच देवापासून आहे! पुत्र देवाचे ‘सामर्थ्य’ आहे म्हणावे, तर तेही मान्य. टोळधाडीलाही ग्रंथात देवाचे सामर्थ्य म्हटले आहेच की! प्रत्येक शब्दाला ते आपसांत कुजबुजत, डोळ्यांनी खुणावत. अखेर परिषदेने ग्रंथाबाहेरचा ग्रीक शब्द उचलला: ‘होमोऊसिओस’, एकाच तत्त्वाचा. ग्रंथातील शब्द दोन्ही पक्षांना सारखेच मानवत होते. म्हणून त्यांचा अर्थ पक्का करायला ग्रंथात नसलेला शब्द लागला.

पुढे ३५७ मध्ये सिर्मियम (आजच्या सर्बियात) येथे जमलेल्या काही बिशपांनी जाहीर केले की, हा शब्द शास्त्रात नाही, सबब कोणी वापरू नये. हाच माझा प्रश्न! ‘ग्रंथात असेल तेवढेच’ हा आग्रह तेव्हा नायसियाच्या विरोधकांचा होता.

आणि तो ग्रंथ तरी पुरता ठरला होता का? चार शुभवर्तमाने आणि पौलाची पत्रे केव्हाच मान्य झाली होती. पण नव्या कराराच्या नेमक्या आजच्या २७ पुस्तकांची उपलब्ध असलेली पहिली यादी ३६७ च्या ईस्टरपत्रात सापडते. पत्र लिहिणारा पुन्हा अथनेशियसच.

याचा अर्थ श्रद्धासूत्र निष्कलंक ठरते, असा नाही. एरियससह दोन बिशपांना हद्दपारी झाली. सम्राटाचा हात त्यामागे होता. शिवाय माझा मित्र म्हणत असे तो पाठ ३२५ चा नव्हेच, ३८१ च्या कॉन्स्टन्टिनोपल परिषदेशी जोडलेला विस्तारित पाठ आहे. त्यातही पाश्चात्त्य चर्चने पुढे एक शब्द घातला आणि त्यावरून पूर्वेशी जे बिनसले, ते आजही पुरते मिटलेले नाही. सोळाव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडने भूमिका घेतली की, श्रद्धासूत्रे मान्य करावीत, कारण ती शास्त्रावरून सिद्ध होतात. अधिकार आहे, पण उसना. मला ही भूमिका पटते. फक्त ‘सिद्ध झाले’ हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न उरतोच. आपले म्हणणे शास्त्रावरूनच सिद्ध होते, असे एरियसलाही वाटत होते.

मध्यंतरी त्या मित्राला फोनवर हे सारे सांगितले. तो हसून म्हणाला, “मला तेव्हा उत्तर येत नव्हते, म्हणून गप्प बसलो. पण पुढच्या रविवारी उभा राहून म्हटलेच.”