दातांचा तराजू

माणूस किती जोरात चावतो हे मोजायचं यंत्र असतं, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कशाला?" कवळी बसवल्यावर किंवा मोडलेला जबडा जुळल्यावर चावण्याची ताकद किती परत आली, हे दंतवैद्यांना पाहायचं असतं. अशाच यंत्राचं सॉफ्टवेअर मी लिहितो. त्याचा आकडा खरा आहे का, हे तपासणंही माझ्याकडेच आहे.

यंत्र म्हणजे दोन पोलादी पट्ट्यांचा चिमटा. चावलं की पट्टी किंचित वाकते, तिच्यावरच्या स्ट्रेन गेजचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून न्यूटनमध्ये बल कळतं. निरोगी प्रौढाच्या दाढांचं बल साधारण 300 ते 700 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 30 ते 70 किलो वजनाइतकं असतं. पूर्ण कवळीवाल्यांचं त्याहून खूपच कमी.

तपासणी मात्र तोंडात सुरू होत नाही, ती टेबलावर प्रमाणित वजनांनी होते. वाणी तराजूची पारडी रिकामी असताना पासंग बघतो, तसं आधी शून्य पाहायचं. मग 10, 20, 30 किलो चढवायचे आणि त्याच क्रमाने उतरवायचे. 20 किलोला 196 न्यूटन यायला हवेत, चढताना आणि उतरतानाही. वजन पट्टीच्या टोकाला ठेवलं काय किंवा आत ठेवलं काय, आकडा बदलता कामा नये. दहाही वेळा 180 आले, तर यंत्र एकसारखं वागतंय एवढंच कळतं, ते बरोबर आहे असं नव्हे. शिवाय लॅबमध्ये एसी असतो आणि तोंडात सुमारे 37 अंश, म्हणून तापवूनही बघावं लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला आईमुळे नीट समजलं. गेल्या वर्षी तिला पूर्ण कवळी बसवली. "कशी आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "छान आहे रे." पण ताटातली शेव तशीच राहायची. एका रविवारी तिला लॅबमध्ये नेलं. उजवीकडे तीनदा 90च्या आसपास आले, डावीकडे 40च्या वर काही जाईना. मी लगेच पुन्हा 20 किलोचं वजन ठेवलं. 196.

म्हणजे फरक यंत्राचा नव्हता. "आई, डावीकडे दुखतं का गं?" तेव्हा कुठे म्हणाली, "थोडं टोचतं. तुम्हाला कशाला त्रास!" हिरडीवर चांगला व्रण झाला होता.

न तपासलेल्या यंत्रावर हाच फरक दिसला असता, तर 'सेन्सर बिघडला असेल' किंवा 'आईने नीट चावलं नसेल' म्हणून आम्ही सोडून दिला असता. आपलं दुखणं न सांगणारी माणसं घरोघरी आहेत, आणि त्यांच्यासाठी यंत्र आधी खरं असावं लागतं.

डॉक्टरांनी कवळी तिथे थोडी घासून दिली. आता आई पोह्यांवर शेव घालून दोन्ही बाजूंनी चावते. भुट्टा मात्र अजून कीस करूनच.