आमच्या भिंतीवरचे जोंधळ्याचे शेत

(इयत्ता सातवीतील एका विद्यार्थिनीचा लेख)

आमच्या शिंगणापूरची घरे साऱ्या देशाला माहीत आहेत. चौकट असते, पण दार नसते. २०११ साली युको बँकेने गावात शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून वर्तमानपत्रांत गाजली. पण घराला दार नाही म्हणून घरातले प्रत्येक मूल बाहेर पडते, असे मात्र नाही. माझी धाकटी बहीण छकुली नऊ वर्षांची झाली, तरी घर आणि दुकान सोडून फारशी कुठे गेली नव्हती.

छकुलीला डाऊन सिंड्रोम आहे. आमचे तेलाचे व रुईच्या माळांचे दुकान आहे. तेथे येणारे लोक तिच्याकडे बघून आईला हळूच विचारतात, "पोरीला साडेसाती आहे का हो?" आई काही बोलत नाही, पण मग तिला आत नेऊन बसवते. डॉक्टरांनी आईला नीट समजावून सांगितले आहे. माणसाच्या पेशीत ४६ रंगसूत्रे असतात. छकुलीच्या पेशीत ४७ आहेत, कारण एकविसावे रंगसूत्र दोनऐवजी तीन आहेत. हे १९५९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले. यात आईचा दोष नाही, नि कुठल्या ग्रहाचाही नाही. शनिदेवाला आम्ही सगळे हात जोडतो. पण जे त्यांनी केले नाही ते त्यांच्या नावावर कशाला घालायचे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी ठरवले, की शाळेची पश्चिमेची भिंत सगळ्यांनी मिळून रंगवायची. सगळ्यांनी म्हणजे खरोखर सगळ्यांनी. आमच्या शाळेत दोन मुले अशी आहेत, की त्यांना शिकायला फार वेळ लागतो. ती दोघे आणि छकुलीसुद्धा. बाई आमच्या घरी आल्या तेव्हा आई म्हणाली, "बाई, तिला चित्रातलं काय कळतंय? पोरं हसतील." बाई म्हणाल्या, "ताई, आठ दिवस पाठवून तर बघा."

सुरुवातीला बाईंनी वारली चित्रांची माहिती सांगितली. डहाणूकडे लग्नघरात बायका मिळून भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली व जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मुळात ती भिंत एकट्याची नसते, ज्याला जे जमते ते तो काढतो, असे बाई म्हणाल्या.

मग काम सुरू झाले. भिंत घासून पांढरा रंग दिला. नीळ लावलेला दोरा ताणून चौकोन पाडले. आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षकांनी चार गोष्टी सांगितल्या. एका वेळी एकच काम सांगायचे. नुसते सांगायचे नाही, करून दाखवायचे. एका वाटीत एकच रंग ठेवायचा. आणि मूल थकले की थांबायचे, ओढायचे नाही.

एका मुलाला हाताला रंग लागलेला मुळीच खपत नाही, तो रडू लागतो. त्याला लांब काठीला स्पंज बांधून दिला. त्याने सगळे आभाळ एकट्याने रंगवले. दुसऱ्याने भेंडी आडवी कापून ठसे उमटवले, त्याची छान फुले झाली. छकुलीने पहिल्या दिवशी वाटी उपडी केली. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे पाठ करून बसली. तिसऱ्या दिवशी मी जोंधळ्याच्या कणसाला बोटाने दाणे काढत होते. ती बघत राहिली. मग तिने माझे बोट बाजूला सारले आणि स्वतःचे बोट वाटीत बुडवले.

मित्रांनो, कणसाचे दाणे काढणे किती कंटाळवाणे असते ते तुम्हीही पाहिले आहे. आपण दोन कणसे केली नि पळालो. छकुली पळाली नाही. एक ठिपका, मग दुसरा, मग तिसरा. शनिवारपर्यंत तिने चौदा कणसे भरली. भिंतीवरचे ते शेत तिचे आहे.

शेवटच्या दिवशी मात्र वाद झाला. काही दाणे कणसाच्या बाहेर, पार घराच्या छपरावर गेले होते. कोणी म्हणाले, "पालक येणारेत, तेवढं पुसून सारखं करू." मला ते पटले नाही. मी म्हटलं, पुसायचं असेल तर सगळ्यांचं पुसा, माझा बैलसुद्धा तीन पायांचा दिसतोय. सगळे हसले. बाईंनी हात वर करायला सांगितले. दाणे छपरावरच राहिले.

आई दुकान बंद करून संध्याकाळी आली. छकुलीने तिचा हात धरून भिंतीपाशी नेला आणि एकेका कणसाला बोट लावून दाखवले. आईने चौदाही मोजली. मग बाईंना विचारले, "उद्या किती वाजता पाठवू?"

आलेल्या आई-वडिलांना एक सांगायचे आहे. मुंबईत १९४४ पासून जय वकील शाळा आणि पुण्यात १९६४ पासून कामायनी अशा मुलांना शिकवीत आहेत. पण प्रत्येकाने एवढे लांब जायलाच हवे असे नाही. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी, वस्तीवर असे मूल असेल तर बाईंना येऊन सांगा. पूर्वेची भिंत अजून कोरी आहे. तिच्यावर काय काढायचे ते ठरलेले नाही, पण भेंडी आणायचे मी कबूल केले आहे.