भडकल दरवाजापाशी थांबा

भगिनींनो, छत्रपती संभाजीनगरला (आपल्या तोंडी अजून औरंगाबादच!) गेलं की बीबी का मकबरा पाहायचा, हिमरूची शाल घ्यायची आणि वेरूळची गाडी गाठायची, हा आपला ठरलेला शिरस्ता. पुढच्या खेपेला जरा भडकल दरवाजापाशी थांबा. मोगलांना हरवल्यावर १६१२ मध्ये मलिक अंबरने तो बांधला.

गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा आणि सेनापती झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच हे शहर. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणलं. नळाची वाट पाहणाऱ्या बाईला याचं मोल सांगायला नको.

पण राजा? १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर अंबरने मुर्तझाला गादीवर बसवलं आणि आपली लेक त्याला दिली. एका डच व्यापाऱ्याने पुढची हकिकत लिहून ठेवली आहे. थोरल्या इराणी राणीने या लेकीला गुलाम म्हणून हिणवलं. लेकीने बापाला कळवलं. बापाने जावई आणि ती राणी, दोघांनाही विष घालवलं आणि पाच वर्षांच्या बुऱ्हाणला गादीवर बसवलं! आपल्याकडे सासर-माहेरचे वाद होतात, पण गादी नाही हो बदलत. रोमच्या प्रजासत्ताकातही सैनिक सुल्ला, सीझर अशा सेनापतींनाच मानू लागले होते. इथेही राज्य म्हणजे अंबर, असंच झालं.

आता दौलताबादला चला. १६२६ त अंबर गेला. बाहुलं म्हणून वाढलेल्या राजाला, मला वाटतं, माणसं सांभाळणं कधी जमलंच नाही. १६२९ मध्ये याच किल्ल्यावर निजामशहाने लखुजी जाधवांना, म्हणजे जिजाऊंच्या वडिलांना, मुलांसकट मारवलं. शहाजीराजे दुरावले. पुढे अंबरच्याच मुलाने, फतेहखानाने, राजाला संपवून एक पोर गादीवर बसवलं आणि जून १६३३ त पैसे घेऊन किल्ला मोगलांच्या हाती दिला. ते पोर ग्वाल्हेरच्या कैदेत गेलं. शहाजीराजांनी पेमगिरीवर आणखी एक मूल गादीवर बसवून तीन वर्षं झुंज दिली. १६३६ त तेही संपलं.

खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला आपण जातोच. त्याच गावात अंबरची कबर आहे, आणि जवळच त्याची बायको बीबी करीमा हिचीही.