गुण कशाचे मिळतात?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी आवृत्ती आली की जुने खेळाडू पुस्तक चाळतात, कुठला जादूगार दुबळा झाला याचा हिशेब मांडतात आणि फासा हातात घेण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. मला ही पारखच चुकीची वाटते. नियम बदलला की टेबलाभोवतीची माणसं कशाबद्दल बोलतात ते बदलतं, आणि ते नुसतं वाचून कळत नाही. गॅरी गायगॅक्स यांच्या 1979च्या नियमग्रंथात एक ऑर्क मारून जेमतेम दहा-पंधरा अनुभवगुण मिळत, पण तळघरातून सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला एक गुण असे. म्हणजे शंभर नाण्यांची एक थैली सहा-सात ऑर्कांना भारी. साहजिकच शहाणा खेळाडू तलवार उपसण्याआधी मागचं दार शोधी, पहारेकऱ्याचे हात ओले करी. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, तिसरीत म्हणजे 2000 साली संकटावर मात केल्याचे गुण मुख्य झाले. संकट म्हणजे बहुतेकदा राक्षसच. ‘लढा’ असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी बोलणं लढाईकडे वळलं.

यावर म्हणतात, खेळ चालवणारा डन्जन मास्टर कसलेला असेल तर कुठलीही आवृत्ती रंगते. रंगते, पण नियमांशी झगडून. आणि नवख्याच्या हाती पुस्तकाखेरीज दुसरं असतं तरी काय? दुसरा आक्षेप धंद्याचा, की कंपनीला तीच पुस्तकं पुन्हा खपवायची असतात. हेतू तो असेलही. पण 2008ची चौथी आवृत्ती त्याच कंपनीची होती, तरी कितीतरी खेळाडू जुन्या नियमांवर बेतलेल्या ‘पाथफाइंडर’कडे गेले. चौकटींच्या पटावरच्या डावपेचांत ती आवृत्ती माझ्या मते सर्वांत रेखीव होती. लोकांना मात्र तिच्याकडून जुन्याच गप्पा हव्या होत्या.

2014च्या पाचव्या आवृत्तीने उंचीचा एक, अंधाराचा दोन अशा बेरजा बऱ्याचशा काढून टाकल्या. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाका, मोठा आकडा धरा. अकरा हवे असतील तर 50 टक्क्यांची शक्यता 75वर जाते. बेरीज संपली आणि झुंबराला लटकून उडी मारण्याची वर्णनं वाढली. अर्थात दुसरी युक्ती लढवली तरी तिसरा फासा मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे. 2024च्या पुस्तकांनी शस्त्रांनाच खास करामती दिल्या. पहिल्या पातळीचा योद्धाही आता शत्रूला मागे ढकलू शकतो, आडवा पाडू शकतो. ‘मी मारतो’ यापलीकडे त्याला बोलायला काहीतरी मिळालं. पण आडवं पाडायचं तर घाव बसला की प्रत्येक वेळी शत्रूसाठी आणखी एक फासा टाकावा लागतो. पाचजणांच्या टेबलावर तो वेळ खुपतो का, हे पाहायला दोन-तीन लढाया पुरेत.